श्राद्धाविना स्मरण

चिनी पंचांगातील सातवा महिना सुरू झाला, की सिंगापूरच्या वसाहतींत सायंकाळी धुराचा वास दरवळू लागतो. इमारतींच्या तळाशी पत्र्याची मोठी पिंपे ठेवलेली असतात. त्यांत कागदी नोटा आणि कागदी वस्त्रे जाळून ती पूर्वजांना पोहोचविली जातात. पदपथाच्या कडेला संत्री, भात आणि चहाचे पेले मांडून त्यांच्यापुढे उदबत्त्या रोवल्या जातात. अशाच एका सायंकाळी आमच्यातील एका घरच्या आठ वर्षांच्या मुलीने आपल्या पणजीला विचारले, “शेजारचे लोक बौद्ध आहेत आणि आपणही बौद्ध आहोत. ते त्यांच्या पूर्वजांना जेवायला घालतात. मग आपले पूर्वज उपाशी आहेत का?”

पणजी नगर जिल्ह्यातील आपल्या गावाहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या वंदनेला आम्ही सारे जमलो, तेव्हा हा प्रश्न सर्वांसमोर आला आणि आमच्यापैकी कोणाकडेही त्याचे सिद्ध उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून जन्मला आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला आमच्या कुटुंबांच्या परंपरेचा इतिहास नव्याने वाचावा लागला.

एका प्रतिज्ञेचा परिणाम

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे महास्थवीर भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे होते, ही गोष्ट परदेशी राहणाऱ्या आमच्यासारख्यांना विशेष जवळची वाटते. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः तेथे जमलेल्या लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी नागपुरातच आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे पुन्हा दीक्षा झाली. अवघ्या सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादरच्या स्मशानभूमीत, त्यांच्या चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखाहून अधिक लोकांना दीक्षा दिली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती, ती १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार झाली.

हे आकडे आपण अनेकदा वाचतो, मात्र त्या दहा वर्षांत घराच्या आत काय घडले याची नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे. एखाद्या कुटुंबाने ती मनापासून घेतली, की भाद्रपदातील पंधरवडा त्या घरातून नाहीसा होई. पितरांच्या नावाने वाढलेले पान जाई, त्या निमित्ताने येणारे भाऊबंद जात, आणि त्या दिवशी हटकून उच्चारली जाणारी आजा-पणजांची नावेही जात. देव्हाऱ्यातील टाक अनेक घरांनी नदीत सोडले. कुलदैवताची जत्रा सुटली, म्हणजे वर्षातून एकदा होणारी आत्या-मावश्यांची भेटही सुटली. नातेवाईकांना एकत्र बांधणारे बहुतेक सारे धागे जुन्या धर्माच्या विधींत गुंफलेले होते. ते विधी सोडायचे आणि नाती मात्र राखायची, असे दुहेरी काम त्या पिढीच्या वाट्याला आले.

हे काम एका दिवसात झाले नाही, हेही आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. काही घरांत टाक नदीत गेले असे पुरुषांना वाटले, पण आजीने ते धान्याच्या कणगीत जपून ठेवले होते. काही घरांत एक भाऊ बौद्ध झाला, दुसऱ्याने आणखी दहा वर्षे घेतली आणि तेवढा काळ लग्नकार्यांत दोघांची तोंडे दोन दिशांना राहिली. आमच्या आई-वडिलांच्या बालपणीच्या आठवणींत हा ताण आहे. त्यांनी तो आम्हांला क्वचितच सांगितला.

रिकाम्या भिंतीवर काय आले

देव्हारा गेला, तेव्हा भिंतीवर दोन तसबिरी आल्या: तथागतांची आणि बाबासाहेबांची. आमच्यापैकी बहुतेकांची पहिली आठवण याच भिंतीची आहे. सकाळी अंघोळ झाली की त्या तसबिरींपुढे हात जोडायचे आणि थोरल्यांच्या मागोमाग ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणायचे. शब्दांचा अर्थ पुष्कळ उशिरा कळला. आजीच्या आवाजाचा चढउतार मात्र तेव्हापासून कानांत आहे. आजी पाली शिकलेली नव्हती, अनेकदा तिला अक्षरओळखही नव्हती, तरी त्रिशरण-पंचशील तिने ऐकून पाठ केले आणि नातवंडांकडून पाठ करवून घेतले.

दुसरा बदल नावांचा. आमच्या पणजोबांच्या पिढीत दगडू, धोंडू, कचरू, भिका अशी नावे सर्रास आढळतात. मूल जगावे म्हणून दृष्ट लागू नये असे नाव ठेवण्याची रीत इतर समाजांतही होती. आमच्या वस्तीत मात्र चांगले नाव ठेवले तर गावाला खपत नसे, असेही वृद्ध मंडळी सांगत. १९५६ नंतर एका पिढीच्या आत पाटीवरची नावे बदलली: सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक, सुजाता, यशोधरा, विशाखा, संघमित्रा. या नावांपैकी काही बाबासाहेबांनी आधीच लोकांच्या तोंडी बसविली होती. १९४६ साली मुंबईत स्थापन झालेल्या महाविद्यालयाला त्यांनी सिद्धार्थ हे नाव दिले होते आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले होते. एखाद्या घराची वंशावळ मांडली, तर दगडूच्या मुलाचे नाव सिद्धार्थ असते. त्या दोन नावांमध्ये धर्मांतराची तारीख न लिहिताही वाचता येते.

तिसरा बदल वर्षाच्या दिनक्रमात झाला. नवे कपडे दिवाळीऐवजी १४ एप्रिलला मिळू लागले. त्याआधी आठवडाभर घर सारवून, चुना लावून सिद्ध होई. निळे झेंडे, पताका, रात्रभर चालणारे भीमगीतांचे सामने, आणि मुंबईहून सुट्टी काढून आलेले काका-मामा, ही आमच्या लहानपणीची दिवाळीच होती. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला सुजातेच्या आठवणीने खीर होई. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, वस्तीत दररोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चाले. वाचणारा बहुधा शाळेत जाणारा मुलगा असे आणि ऐकणारे त्याचे आजी-आजोबा असत. थोरांनी सांगावे आणि लहानांनी ऐकावे हा जगभरचा क्रम आमच्या घरांत असा उलटा झाला, आणि नातवाच्या तोंडून ग्रंथ ऐकण्याचा तो सोहळा अनेक कुटुंबांत आजही सर्वांत जपलेली आठवण आहे.

याशिवाय प्रवास होता. दसऱ्याला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. फडक्यात बांधलेल्या भाकरी, कोरडी चटणी, रेल्वेच्या डब्यात आईच्या मांडीवर घेतलेली झोप आणि शिवाजी पार्कच्या मैदानावर उघड्यावर काढलेली रात्र. परतताना पिशवीत पुस्तके असत आणि पुढच्या वर्षाची दिनदर्शिका असे. लांबच्या नातेवाइकांची भेट आता या मैदानांवर होऊ लागली. जत्रा सुटल्याने जी गाठ सुटली होती, ती अशा रीतीने पुन्हा बांधली गेली.

सिगालाची गोष्ट

परंपरा सोडणे आणि परंपरेला नवा अर्थ देणे यांचा विचार करताना दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताची आठवण येते. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी व ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले, की वडिलांनी मरताना हे करण्यास सांगितले होते. म्हणजे मुलाला अर्थ ठाऊक नव्हता. त्याच्याजवळ केवळ वडिलांचा शब्द होता. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. त्यांनी सांगितले, की आर्यांच्या विनयात पूर्व दिशा म्हणजे माता-पिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. नमस्कार करायचा तो या नात्यांप्रती असलेली कर्तव्ये पाळून. मुलाने माता-पित्यांप्रती पाळावयाच्या पाच कर्तव्यांत, ते निवर्तल्यानंतर त्यांच्या नावे दान देणे हेही एक आहे.

आमच्या समाजात मृत्यूनंतर होणारा जलदान विधी आणि पुण्यानुमोदन याच विचारातून उभे राहिले आहेत. भिक्खू किंवा बौद्धाचार्य गाथा म्हणतात, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाण्याची संथ धार सोडली जाते, आणि जवळचे सारे नातेवाईक त्या भांड्याला किंवा एकमेकांच्या खांद्याला हात लावून बसतात. आपण केलेल्या सत्कृत्याचे पुण्य दिवंगतांना अर्पण करावे, एवढाच त्याचा आशय. त्यानंतर विहाराला किंवा वाचनालयाला दान दिले जाते. अनेक कुटुंबे पुस्तके वाटतात. दरवर्षीच्या स्मृतिदिनी घरातले लोक दिवंगताविषयी चार शब्द बोलतात. पिंडाची जागा या चार शब्दांनी घेतली. म्हणून आमच्याकडे हे शब्द थांबले, तर स्मरणच थांबते. श्राद्धाचा विधी यजमानाला काही आठवत नसले तरी पार पडतो. आमच्या विधीला तशी सोय नाही.

शेजाऱ्यांच्या सातव्या महिन्यामागेही एक बौद्ध कथा आहे, हे आम्हांला येथे आल्यावर समजले. तथागतांच्या दोन अग्रश्रावकांपैकी मोग्गल्लान यांना आपली आई प्रेतलोकात भुकेने व्याकूळ झालेली दिसली. तिला दिलेला घास तिच्या मुखापर्यंत पोहोचेना. तेव्हा वर्षावासाच्या शेवटी संघाला दान द्यावे, असे तथागतांनी सुचविले, अशी ही चिनी परंपरेतील कथा आहे. तेथील मुलाला आईची भूक दिसली. आमच्या मुलीने विचारलेला प्रश्न याहून वेगळा नव्हता.

समुद्रापलीकडे

सिंगापूरमध्ये २०२० च्या जनगणनेनुसार पंधरा वर्षांवरील रहिवाशांपैकी ३१.१ टक्के लोक स्वतःला बौद्ध म्हणवितात. हा येथील सर्वांत मोठा धर्म आहे. ज्या घरातल्या वडीलधाऱ्यांना बौद्ध झाल्याबद्दल गावाचा रोष पत्करावा लागला, त्या घरच्या मुलांना येथे वेसाकची सार्वजनिक सुट्टी मिळते. लिटल इंडियाला लागून असलेल्या रेसकोर्स रोडवर १९२७ साली वुट्टिसार नावाच्या थाई भिक्खूंनी स्थापन केलेले शाक्यमुनी बुद्धगया मंदिर आहे. तेथील सुमारे पंधरा मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीपुढे आमची मुले पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा त्यांना ती मूर्ती परकी वाटली नाही. घरातल्या तसबिरीचेच ते मोठे रूप त्यांनी ओळखले. सेंट मायकेल्स रोडवरील सिंहली परंपरेच्या श्री लंकारामय विहारात आम्ही वंदनेला जातो. गावाकडून आलेली आमची एक मावशी तेथे एका वृद्ध सिंहली उपासिकेशेजारी बसली होती. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता. त्रिशरण सुरू झाले आणि दोघी एका सुरात म्हणू लागल्या. वंदना संपल्यावर त्या बराच वेळ एकमेकींचे हात हातांत घेऊन बसून होत्या.

दूर राहण्याच्या अडचणीही आहेत. १४ एप्रिलची सकाळ येथे अडीच तास आधी उजाडते; बहुतेक वर्षी तो कामाचा दिवस असतो. गावची मिरवणूक निघते, तेव्हा येथे मुले झोपण्याच्या तयारीत असतात आणि ती फोनच्या पडद्यावर थोडीशी दिसते. २०२३ साली तर भारतात बुद्धपौर्णिमा ५ मे रोजी झाली आणि सिंगापूरची वेसाकची सुट्टी २ जूनला आली. मुलांनी विचारले, की बुद्धांचा खरा दिवस कोणता. आम्ही त्या वर्षी दोनदा खीर केली: एकदा गावच्या नातेवाइकांबरोबर फोनसमोर बसून, आणि एकदा येथील शेजाऱ्यांना बोलावून.

मात्र अंतराहून मोठी अडचण आमच्या मौनाची आहे. आमच्यापैकी अनेकांनी मुलांना १४ एप्रिल सांगितला, पण १९५६ चे कारण सांगितले नाही. नव्या देशात, नव्या शाळेत, मुलाच्या मनावर जातीचे ओझे कशाला टाकायचे, असे आम्हांला वाटले. काहींना भारतीय मित्रमंडळींत आडनावावरून होणाऱ्या चौकशीची धास्ती वाटे, म्हणून घरातही तो विषय टळत गेला. हेतू प्रेमाचा होता. परिणाम असा झाला, की बाबासाहेबांची तसबीर मुलांसाठी केवळ एका आदरणीय गृहस्थाची तसबीर राहिली, आणि आपले पणजोबा कोण होते या प्रश्नाला घरात उत्तर उरले नाही. ज्या स्मरणासाठी पिंड लागत नाही, केवळ शब्द लागतात, ते शब्दच आम्ही आवरून धरले होते.

विचारले तरच सांगतात

या बाबतीत सिंगापूरकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. स्वतंत्र होऊन जेमतेम चौदा वर्षे झालेल्या या देशाने १९७९ सालीच आपल्या वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या क्षेत्रात एक स्वतंत्र विभाग उभारला. २०११ साली बुकित ब्राऊन या जुन्या चिनी दफनभूमीतून रस्ता काढण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा साडेतीन हजारांहून अधिक थडगी हलवावी लागणार होती. अनेक कुटुंबे प्रथमच आपल्या पूर्वजांची थडगी शोधू लागली. शिळांवर मृताचे नाव, मूळ गाव आणि मुला-नातवांची नावे कोरलेली होती.

आमच्या पूर्वजांना अशा शिळा नाहीत. ज्यांना गावाच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, त्यांची नावे दगडावर कोण कोरणार होते? आमच्या तीन पिढ्यांपलीकडे बहुतेकांना एकही नाव सांगता येत नाही. जे आहे ते माणसांच्या स्मरणात आणि स्त्रियांच्या ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. माहेर, भाऊ, लेकरू यांच्याविषयी गाता गाता त्या बायांनी भीमरायालाही घरचा माणूस करून घेतले होते. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या आठवणी लिहून घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जातीची खूण ठरणारे जड दागिने टाकण्यास सांगितले होते, हे आपण वाचतो. आपल्या घरातली कोणती स्त्री ते दागिने पहिल्यांदा उतरवून बसली, हे मात्र आपल्या घरातच विचारावे लागते. कोणी विचारले नाही, म्हणून आजपर्यंत कितीजणी न सांगता निघून गेल्या.

पणजींचे उत्तर

त्या मुलीला पणजींनी दोन दिवसांनी उत्तर दिले. रात्रीची जेवणे झाल्यावर त्यांनी तिला जवळ बसवले आणि स्वतःहून बोलू लागल्या. तिचे आई-वडीलही हातातले काम टाकून ऐकत राहिले, कारण त्यांनीही हे कधी ऐकले नव्हते.

पणजी सांगत होत्या, की त्या तिच्याएवढ्या होत्या, तेव्हा त्यांच्या वडिलांकडे येसकरपाळी येई. दिवसभर गावाची कामे करायची आणि दिवेलागणीला घुंगरांची काठी आपटत दारोदार भाकरी मागायची. टोपली धरायला लहानगी मुलगी बरोबर असे. भाकरी वरून, लांबून टाकली जाई. कधी ती टोपलीत पडे, कधी मातीत. शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला सांगितले होते, पण ती गोष्ट त्यांच्या घरापर्यंत यायला जवळजवळ तीस वर्षे लागली. धर्मांतराच्या वर्षी वडील दादरहून परतले. त्यांनी देव नदीत सोडले, काठी चुलीत घातली आणि सांगितले, की उद्यापासून भाकरी मागायला जायचे नाही. गावाने त्यांना शेतावर काम देणे बंद केले. त्या पावसाळ्यात कितीतरी रात्री घरात चूल पेटली नाही. आई मुलांना पाणी पाजून निजवी आणि अंधारात त्रिशरण म्हणवून घेई. दोन वर्षांनी वतन कायद्याने रद्द झाले. तोवर वडील खडी फोडण्याच्या कामाला लागले होते आणि मुलगी शाळेत जात होती.

“तुझा प्रश्न खरा होता,” त्या मुलीला म्हणाल्या. “उपाशी होते. पण भीक नको म्हणून उपाशी होते.”

मुलीने त्यांच्या वडिलांचे नाव विचारले. पणजींनी ते सांगितले. तिच्या आईने ते वहीत लिहून घेतले आणि त्यापुढे त्यांच्या वडिलांचे नाव विचारले. पणजींनी बराच वेळ आठवून तेही सांगितले. त्यापलीकडे त्यांनाही ठाऊक नव्हते. ती वही आता त्या घरी तसबिरीखालच्या फळीवर, वंदनेच्या पुस्तकाशेजारी ठेवलेली असते. येत्या वेसाकला प्रत्येक कुटुंबाने अशी एक वही आणावी आणि गावाकडच्या वडीलधाऱ्यांना फोन लावून तिचे पहिले पान सर्वांसमक्ष भरावे, असे आम्ही ठरविले आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आज हयात आहेत, त्यांनी वेसाकची वाट पाहू नये.

जयभीम. नमो बुद्धाय.